टोबायस कुठून आला?

पेनसिल्व्हेनियातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरात रविवारी सकाळी सगळे मुकाट बसतात. ज्याला आतून सुचेल तो उठून बोलतो. तिथे येणारी लिडिया सात वर्षं आपल्या मूळपुरुषाचा शोध घेत होती. टोबायस हॅलम तीनशे वर्षांपूर्वी जहाजातून इथे उतरला, पण आला कुठून, याची नोंद कुठेच नव्हती.

त्या रविवारी म्हातारा एलवुड उठला. "जहाजाच्या तळात काळोख होता हो फार," म्हणाला आणि बसला.

थोड्या वेळाने लिडियाच्या शेजारी बसलेली हॅना उठली. "टोबायस प्रवासाच्या नवव्या दिवशीच गेला. त्याला समुद्रात सोडलं."

आपल्या शोधाबद्दल लिडिया इथे कुणाशीच बोलली नव्हती.

मग त्याच्या नावाने इथे उतरलं कोण, तिच्या मनात आलं.

सगळ्यांच्या माना शांतपणे तिच्याकडे वळल्या, तेव्हा तिला कळलं, आपण केव्हाच उठून उभ्या आहोत.