एकच अडॅप्टर

विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं, तेव्हा कुमुदताईंनी लेकीसाठीचे डिंकाचे लाडू तेवढे ठेवले आणि दोनपैकी एक अडॅप्टर काढून टाकला. तसला स्वित्झर्लंडमध्ये कुठेच मिळेना. उरलेल्या अडॅप्टरवर अच्युतरावांचं यांत्रिक हृदय रात्रभर चार्जिंगला होतं.

सकाळी जाग येताच त्यांनी छातीवरची वायर काढली. "कुमुद, आता तुझे डोळे लाव बघू. आल्यापासून लावले नाहीस."

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये? भरपूर चार्जिंग आहे," खिडकीशी उभ्या कुमुदताई म्हणाल्या. "तुमचं हृदय पुरतं भरू द्या आधी. अहो, बर्फ बघा, डोंगर कसे पांढरेशुभ्र दिसताहेत!"

अच्युतराव वायर हातात धरून बसूनच राहिले. खिडकीचा जाड पडदा अजून उघडलेलाच नव्हता.