उंचीचा सराव

भूगोल शिकवण्यात नीलिमाताईंची हयात गेली, पण अँडीज पर्वत त्यांनी पाहिला तो फक्त वर्गातल्या नकाशात. त्यामुळे नातवंडांनी गजबजलेल्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मुलगा अनीश आणि सून क्षिप्रा तिथल्या सहलीचे बेत आखू लागले, तशा त्या हरखून गेल्या. आधी कुस्को, मग त्याहून उंचावरचं ला पाझ, हा क्रमही त्यांनीच लावून दिला. "तिथं हवा विरळ, दम टिकायला हवा," म्हणत त्यांनी लिफ्ट सोडली आणि रोज दहा मजले जिन्याने चढू लागल्या. गुडघे कुरकुरले, पण त्या हटल्या नाहीत.

तिकिटं हातात आली त्या संध्याकाळी, घामाघूम होऊन दारात टेकलेल्या आईकडे बघत अनीश कौतुकाने क्षिप्राला म्हणाला,

 

"उगाच काळजी करत होतीस. आपण तिकडे असताना पोरांच्या मागे धावून आई मुळीच दमायची नाही!"