कोपऱ्यातली जाहिरात

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारी सोय बंद पाडणारा बदल त्यानंच केला होता, तो ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत बसून, मुकाट्यानं. आठवड्याभरात थोरल्या बहिणीनं घरी बोलावलं.

"अरे, तू बसवून दिलेलं ते चालेनासं झालंय. पानापानावर जाहिरातींचा नुसता सुळसुळाट!"

"कंपनीनं काहीतरी केलं असेल, ताई. मला काय ठाऊक?" म्हणताना त्याची मान खाली गेली.

"बाकीच्या राहू देत, ही तेवढी काढ." ताईनं पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "विकतात काय, तेही कळत नाही."

चौकटीत एक माणूस पाठमोरा बसला होता. चौकड्यांचा निळा शर्ट, कॉलरपाशी उसवलेला. ते बघता बघता त्यानं नकळत स्वतःच्या तशाच उसवलेल्या कॉलरला हात लावला. चौकटीतल्या माणसानंही लावला.

त्यानं घाईघाईनं फुली दाबली. जाहिरात गेली नाही, माणूस जरासा वळला. पुन्हा दाबली, तेव्हा गाल दिसला. मग ओठ. ते हलत होते.

"अगंबाई, आज बोलतोय की हा! रोज गप्पच असतो."

"राहू दे ताई, बंद कर." त्याचे कान तापले होते. पहिला शब्द 'ताई' होता, एवढं त्याला ओठांवरून कळलं होतं.

ताईनं आवाज वाढवला.