चिकटलेली चाकं

आखातातल्या देऱ्यात, एका बर्फाच्या कारखान्यात मासळीचा गाडा याकूबच्या ताब्यात होता. गाडा थंड खोलीत उभा केला की चाकांखाली फळ्या सारायच्या, नाहीतर ओल्या जमिनीवर पाणी गोठून चाकं जागीच चिकटायची. पण त्या साली उन्हाळा असा काही पेटला, की याकूब रोज फळ्या सारायला विसरू लागला. मग पहारीने बर्फ फोडून गाडा सोडवायला सगळे आत धावायचे आणि कुणालाच घाई नसायची.

एक दिवस मुकादम खैरुद्दीनचाचा स्वतः आत आले. फळ्या भिंतीला टेकून कोरड्या ठणठणीत उभ्या होत्या.

"विसरलास, की मुद्दाम?"

चाचांनीच त्याला रत्नागिरीहून इथे आणून कामाला लावलं होतं. त्यांच्याशी खोटं बोलायला याकूबची जीभ रेटेना.

"चाचा, बाहेर जीव जातो हो. इथे जरा बरं वाटतं."

चाचांनी रुमालाने मानेवरचा घाम पुसला. "खलास! पहार ठेव इथे आणि सगळे बाहेर व्हा. गाड्याचं मी बघतो."

आता आपली रवानगी परत गावाला, असं धरून याकूब उन्हात उभा राहिला. बराच वेळ झाला तरी चाचा बाहेर येईनात, तेव्हा त्याने भीत भीत दार वाजवलं.

"चाचा, मदतीला येऊ?"



आतून निवांत आवाज आला, "नको रे! चाकं मघाशीच सुटली होती, मीच पाणी ओतून पुन्हा चिकटवलीत. तुम्ही जेवून घ्या."