निरोपाची कॉफी

एकट्या म्हाताऱ्यांवर संशोधन करणारी सनेला सारायेवोहून डोंगरातल्या हातिजाआजीकडे आली. आधी तिने नियम सांगितला, "मुलाखत कधीही थांबवायचा हक्क तुमचा, आजी. फक्त तुमचाच."

आजीने स्वागताची कॉफी दिली, मग गप्पांची.

"एकटं वाटतं का?" सनेलाने विचारलं.

"डोंबल! मला श्वास घ्यायला फुरसत नाही!"

प्रश्न संपले. तिसरी, निरोपाची कॉफी आली की मगच पाहुण्याने उठायचं, ही बोस्नियातली रीत. ती कॉफी काही येईना. शेवटची गाडी सुटायला आली तशी सनेला चुळबुळली. "आजी, ती निरोपाची कॉफी..."

"मुलाखत मी थांबवली का गं?" आजी खेकसली. "मग बस गुमान. तुझी गादी मी कालच घालून ठेवलीये."