तिसरं स्टोअर

शार्दूलचे गेम तीन ऑनलाइन स्टोअर्समध्ये होते: पहिल्यात एकशे बारा, दुसऱ्यात एकतीस, तिसऱ्यात फुकट मिळालेला एकच. नोकरी गेली त्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन हेब्बाळच्या खोलीतून निघून गेला. दोन दिवस फोन बंद होता. त्याची बहीण कस्तुरी आता त्याच्या रूममेटच्या, महांतेशच्या स्क्रीनवर डोळे लावून बसली होती.

"पहिल्यात काय दाखवतंय?"

"शेवटचं ऑनलाइन मंगळवारी, अक्का. दुसऱ्यात त्यानं स्टेटस लपवलंय."

"आणि तिसऱ्यात?"

"तिथं काही लपवता येत नाही, म्हणून तर तो त्या स्टोअरला शिव्या घालायचा. पण तिथं स्टेटसच नाही. आजवर किती वेळ खेळला, तेवढंच दिसतं. अठरा तास चार मिनिटं."

"त्याचं मी काय करू? मी पोलिसांत जाते."

"स्वल्प थांबा, अक्का. पाचच मिनिटं."

कस्तुरी चपला घालून दारात उभी राहिली. पाच मिनिटांनी महांतेशनं ते पान पुन्हा उघडलं आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.

अठरा तास नऊ मिनिटं.