तुकड्यांचा कुर्ता

स्वप्नीलने कुर्ता पुष्पाबाईच्या मशीनवर फेकला, तशी ओळीतली सगळी घरघर थांबली.

"नीट बघा. पुण्याच्या दुकानदारांनी माझा माल परत पाठवला. म्हणाले, आता हे खपतं."

जळगावात त्याचा कपड्यांचा छोटा ब्रँड होता. शुद्ध सुती कापड, झाडपाल्याचे रंग आणि गावातल्या बायकांच्या हाताला काम, याबद्दल तो जाहिरातीत फार हळवं बोलायचा. त्या बायका इथे, दोंडाईच्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्याने बसवलेल्या मशिनींवर शिवायच्या. त्यांच्याशी मात्र त्याला हळवं बोलणं जमत नसे.

पुष्पाबाईने कुर्ता उलटा केला. लहानलहान तुकडे जोडून शिवलेला आणि मग अख्खा काळ्या रंगात बुडवलेला.

"गळानी शिवण ढिली शे," ती म्हणाली.

"चुका काढायला दिलेला नाही. असाच शिवायचा, दिवाळीच्या आत. चिंध्या उरल्या असतीलच."

"जाळी टाक्यात. तुम्हीच सांगेल व्हतं."

ते खरं होतं. चिंध्या बाहेर गेल्या तर आपल्या रंगांची नक्कल होईल, या धास्तीने त्यानेच त्या जाळायला बजावलं होतं. आठवल्यावर तो जास्तच भडकला.

"मग नवीन कापड फाडा आणि तुकडे करा."

कडेला बसलेली बेबाबाई फिसकन हसली. त्याने वळून पाहिलं, तरी तिने तोंडाला पदर लावला नाही.

"हाई काम आमनाघाई व्हणार नही," पुष्पाबाई म्हणाली.

"जमणार नाही म्हणा ना सरळ. सरळ शिवणीपलीकडे येतं काय तुम्हाला? उद्या टेम्पो लावतो आणि मशिनी साक्रीला हलवतो. तिथल्या बायका पाया पडतील माझ्या."

एवढं बोलून तो थांबला. आता विनवण्या सुरू होतील, असा त्याचा अंदाज होता.

"लई जा बठ्ठा," पुष्पाबाईने सगळ्या मशिनींकडे हात केला. दोरा दाताने तोडून तिने मशीनवर खोळ चढवली. तिच्यामागे एकेक बाई उठली आणि आपापल्या मशीनवर खोळ घालू लागली.

स्वप्नीलचे कान तापले. यांच्या नाकावर टिच्चून दुसरीकडून माल आणायचा, त्याने ठरवलं. दुकानदार आहे म्हणून सांगायचं, शिवणारे कोण ते काढून घ्यायचं आणि त्यांनाच फोडायचं. तेही आत्ता, यांच्या देखत. कुर्त्याच्या लेबलवर छापलेला नंबर त्याने लावला.

शेडमध्येच कुठेतरी फोन वाजला.

पुष्पाबाईने कमरेच्या पिशवीतून नवाकोरा फोन काढला, स्वप्नीलकडे बघतच कानाला लावला आणि स्वच्छ शहरी मराठीत म्हणाली, "नमस्कार, बोला. किती नग पाठवू?"